घरी हॉप्स लावायचेत? आधी फोनवर ही एक गोष्ट तपासा



गेल्या वर्षी फेब्रुवारीत नाशिकहून मामांचा फोन आला. मामांची द्राक्षबाग आहे. एरवी ते पाऊस आणि भावाबद्दल बोलतात, त्या दिवशी थेट विचारलं, "अगं, ते हॉप्स म्हणून काय असतं? किलोला एक लाख मिळतात म्हणे. तू अमेरिकेत असतेस ना, तिकडं पिकतं ते." व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आला होता. त्यापाठोपाठ एक विक्रेताही भेटला होता. दहा गुंठ्यांसाठी रोपं देतो म्हणाला, अडीच लाखांचा हिशोब, आणि मामांनी पंचवीस हजार ॲडव्हान्स देऊनही टाकले होते!

मी ओरेगन राज्यात हिल्सबरोला राहते. व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. शेतीतलं मला काही कळत नाही आणि मामांनाही ते माहीत आहे. म्हणून मी म्हटलं, "मामा, उरलेले पैसे देऊ नका. एक हंगाम थांबा. मी इथे घरी लावून बघते, रोज फोटो पाठवते. मग ठरवा."

तर या लेखात आपण पाहणार आहोत: हॉप्स म्हणजे काय, पहिल्यांदा घरी कसे लावायचे, त्यात स्मार्टफोन कुठे खरंच कामाला येतो आणि कुठे फसवतो. आणि आपल्याकडे ते येतील का, हेसुद्धा.

हॉप्स म्हणजे नेमकं काय?

हॉप्स हा बहुवर्षायू वेल आहे. शास्त्रीय नाव ह्युम्युलस ल्युप्युलस. भांगेच्याच कुळातला, पण नशा आणणारा नाही. जमिनीवरचा भाग दर हिवाळ्यात वाळून जातो, जमिनीखालचा जिवंत राहतो आणि वसंतात परत फुटतो.

नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. कामाची असते ती मादी. तिला छोट्या हिरव्या शंकूसारखी फुलं येतात, त्यांना कोन म्हणतात. कोनच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड असते, तिचं नाव ल्युप्युलिन. बिअरचा कडवटपणा आणि वास त्यातूनच येतो. काही लोक वाळलेल्या कोनचा चहाही करतात.

द्राक्षाचा वेल तणाव्यांनी धरतो. हॉप्सला तणावे नसतात. खोडावर बारीक आकड्यांसारखे केस असतात, त्यांच्या जोरावर तो दोरीला गुंडाळत वर जातो. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. घेवडा याच्या बरोबर उलटा फिरतो. फोन स्टँडवर लावून टाइमलॅप्स घ्या, दोन-तीन तासांत शेंडा गोल फिरताना स्पष्ट दिसतो.

एक लाख रुपये किलोची भाजी: खरं काय?

हा फॉरवर्ड २०२१ पासून फिरतोय. बिहारमधल्या औरंगाबाद जिल्ह्यातला एक शेतकरी हॉप्सचे कोवळे कोंब पिकवतो आणि ते लाखभर रुपये किलोने विकले जातात, अशी ती बातमी होती. नंतर पत्रकार प्रत्यक्ष गावात पोचले तेव्हा तिथे हॉप्सचं पीक सापडलंच नाही. पण खुलासा फॉरवर्डइतका पळत नाही. त्यात 'औरंगाबाद' वाचून आपल्याकडच्या अनेकांना ते मराठवाड्यातलंच वाटलं.

यात खरा भाग एवढाच की युरोपात, विशेषतः बेल्जियममध्ये, वसंतातले पहिले कोंब महाग भाजी म्हणून विकले जातात. हंगाम काही आठवड्यांचा असतो आणि कोंब हाताने वेचावे लागतात, म्हणून भाव. बाकी जगात हॉप्सची शेती होते ती कोनसाठी.

पहिली तपासणी: दिवस किती तासांचा आहे?

आता मुख्य मुद्दा. हॉप्ससाठी सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे दिवसाची लांबी. माती आणि खत त्यानंतर.

उंच वाढायला या वेलाला मोठे दिवस लागतात. २१ जूननंतर दिवस लहान होऊ लागले की तो समजतो, आता फुलायची वेळ झाली. झाड खरं तर रात्रीची लांबी मोजतं. म्हणूनच पॉलीहाऊसमध्ये शेवंतीला रात्री दिवे लावून तिचं फुलणं लांबवता येतं. तत्त्व तेच.

तुम्ही हे आत्ता तपासू शकता. फोनमध्ये सूर्योदय-सूर्यास्त दाखवणारं कुठलंही हवामान ॲप किंवा वेबसाइट उघडा, तुमचं गाव टाका आणि २१ जूनचा दिवस किती तासांचा आहे ते बघा. मी काढलेले आकडे असे:

- हिल्सबरो, ओरेगन (अक्षांश साधारण ४५.५): सुमारे १५ तास ४० मिनिटं
- हालेरताऊ, जर्मनीतला हॉप्सचा मोठा पट्टा (४८.५ च्या आसपास): १६ तासांच्या थोडं वर
- लाहौल, हिमाचल प्रदेश (३२.५): १४ तासांच्या थोडं वर
- नाशिक (२०): सुमारे १३ तास २० मिनिटं

जगातली बहुतेक हॉप्सची शेती साधारण ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात आहे. भारतात लाहौलच्या खोऱ्यात हॉप्स होतात, पण तोही या पट्ट्याच्या काठावरच आहे. आता नाशिककडे बघा. तिथला वर्षातला सगळ्यात मोठा दिवससुद्धा हॉप्सला हंगाम संपत आल्यासारखा वाटतो. वेल मरत नाही, पण उंची घेण्याआधीच थोडी फुलं धरतो आणि थांबतो. कोन कमी, तेही बुटक्या वेलावर.

मामांना मी हा तक्ता पाठवला. उत्तर आलं, "कागदावर ठीक आहे. लावून दाखव."

बेणं कसं निवडायचं?

हॉप्स बियांपासून लावू नका. कारणं दोन. बियांतून निम्मी झाडं नर निघू शकतात, आणि मादी आली तरी ती मूळ जातीसारखी असेलच असं नाही. म्हणून हळदीसारखं बेणं लावतात. जमिनीखालच्या खोडाचा डोळे असलेला तुकडा, ज्याला राइझोम म्हणतात. नाव असलेल्या जातीचा राइझोम घेतला की झाड मादीच मिळतं.

ऑनलाइन 'हॉप्सच्या बिया' म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा जपानी हॉप्स असतात. ती वेगळी, वर्षभरात संपणारी, शोभेची जात आहे आणि तिच्यात ल्युप्युलिन जवळजवळ नसतं. पान ओळखणाऱ्या ॲपवरही विसंबू नका. फुलं येईपर्यंत नर-मादी कुणालाच सांगता येत नाही, ॲपलाही नाही.

मी कॅस्केड जातीचे दोन राइझोम घेतले. ही जात ओरेगनमधल्याच संशोधनातून आली, १९७२ मध्ये ती शेतकऱ्यांना मिळाली आणि नवख्यांना जमते असं सगळे सांगतात. एक जमिनीत लावला, एक मोठ्या टबमध्ये.

जागा आणि लावणी

रोज सहा-आठ तास थेट ऊन हवं. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची भिंत किंवा कुंपण उत्तम. फोनचं कंपास ॲप इथे उपयोगी पडतं, फक्त लोखंडी कुंपणाला चिकटून उभं राहून बघू नका, सुई चुकते. त्याहून सोपं म्हणजे सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाचला एकाच जागेचा फोटो काढा. सावली कुठे पडते ते कळतं. मी आधी पसंत केलेली जागा दुपारी एकच्या फोटोतच बाद झाली, शेजारच्या घराची सावली होती.

लावणी अशी:

१. कडाक्याची थंडी ओसरली की लावा. इथे मी एप्रिलच्या मध्यात लावले.

२. माती भुसभुशीत, पाणी न साचणारी हवी. सामू साधारण ६ ते ७. चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळा.

३. राइझोम आडवा, डोळे वर करून, चार इंच खोल ठेवा.

४. एकाच जातीच्या दोन वेलांत तीन फूट अंतर ठेवा. जाती वेगळ्या असतील तर पाच फूट किंवा जास्त, नाहीतर वेल एकमेकांत गुंततात.

५. वर चढायला दोरी लावा. शेतात मांडव साधारण १८ फूट उंच असतो, घरी १० ते १२ फूट चालतात. दोरी खडबडीत हवी, नायलॉनवरून वेल घसरतो. इथल्या शेतांतही नारळाच्या काथ्याची दोरी वापरतात. हे ऐकून मामा जाम खूश झाले.

६. कोंब फूटभर झाले की त्यातले दोन-तीन जोमदार निवडून दोरीवर चढवा, बाकीचे कापा. पहिल्या वर्षी मात्र कापाकापीत हात आखडता ठेवा, मुळांना पानं हवी असतात.

जूनमध्ये वेल इतक्या वेगाने वाढतो की सकाळ-संध्याकाळच्या फोटोत फरक दिसतो. माझा जमिनीतला वेल एका दिवसात १७ सेंटीमीटर वाढला, टेप लावून मोजलं.

पाणी: इथे माझी फजिती झाली

हॉप्सला पाणी भरपूर लागतं, पण साचलेलं नको. पहिल्या वर्षी मुळं वरच्या थरात असतात, म्हणून थोडं-थोडं पण वारंवार द्यायचं. टबमधल्या वेलाला कडक उन्हात रोजच.

मी इंजिनिअर, म्हणून हाताने कशाला बघायचं! ईएसपी-३२ बोर्डाला मातीतला ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर जोडला. पूर्ण कोरड्या मातीत रीडिंग २९०० च्या आसपास आणि चिंब मातीत १३००. त्यावरून टक्के काढले, फोनवर ग्राफ आला. ओलावा ३५ टक्क्यांखाली गेला की नोटिफिकेशन येणार. करून बघणार असाल तर एक टीप: वाय-फाय चालू असताना या बोर्डाच्या एडीसी-२ च्या पिनांवर रीडिंग मिळत नाही. सेन्सर ३२ ते ३९ क्रमांकांच्या पिनांपैकी एकीवर जोडा.

जुलैत तापमान ३६ अंशांवर गेलं. चार दिवस नोटिफिकेशन आलं नाही. ग्राफ ७१ टक्क्यांवर सरळ रेषेत. मी निवांत. नेहमीप्रमाणे मामांना टबमधल्या वेलाचा फोटो पाठवला, तर दोन मिनिटांत फोन.

"पाणी कधी दिलंस?"

"मामा, ओलावा ७१ टक्के आहे."

"ते मशीन राहू दे. खालची पानं बघ, कडा करपल्यात. बोट घाल मातीत."

बोट घातलं. दोन पेरं खोलपर्यंत माती भाकरीच्या पिठासारखी कोरडी.

झालं असं होतं की त्या सेन्सरचा वरचा, पार्ट बसवलेला भाग वॉटरप्रूफ नसतो आणि पट्टीच्या कापलेल्या कडाही उघड्या असतात. पाणी देताना ते आत शिरलं आणि सेन्सर स्वतःचाच ओलावा मोजत बसला. त्या वेलाची खालची तीनेक फूट पानं गेली. आणखी दोन दिवस गेले असते तर वेलही गेला असता.

त्यानंतर मी तीन गोष्टी बदलल्या. सेन्सरच्या कडांना नेलपॉलिशचे दोन हात दिले आणि वरच्या भागावर हीट-श्रिंक नळी चढवली. कोडमध्ये नवा नियम घातला: २४ तासांत रीडिंग हललंच नाही तरी अलर्ट यावा, कारण उन्हाळ्यात मातीचा ओलावा स्थिर राहूच शकत नाही. आणि रोज एकदा बोट घालायचं. हे तिसरं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचं.

रोग आणि किडी: कॅमेरा वापरा

द्राक्षवाल्यांना हे सगळे शत्रू ओळखीचे आहेत. भुरी, डाऊनी, मावा आणि लाल कोळी. हॉप्सवरची डाऊनी किंवा भुरी आणणारी बुरशी द्राक्षाच्या बुरशीहून वेगळी असते, पण दिसायला घराणं तेच.

आठवड्यातून एकदा पान उलटं करून फोनच्या मॅक्रो मोडने फोटो घ्या आणि झूम करा. बारीक जाळं आणि हलणारे ठिपके दिसले तर लाल कोळी. पानावर पिठासारखे पांढरे डाग म्हणजे भुरी. कोंब खुरटलेला, फिकट, पानं खाली वळलेली आणि पानामागे करडी-काळपट बुरशी असेल तर डाऊनी, तो कोंब लगेच काढून टाका. खालची तीन फूट पानं काढून हवा खेळती ठेवली तर निम्मं काम होतं. माझी उन्हाने आधीच काढली होती.

तोडणी आणि वाळवण: थोडं गणित

इथे कोन ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तयार होतात. तयार कोन हातात कागदासारखा वाटतो, दाबून सोडला की परत फुलतो. उघडला तर आतली पूड गडद पिवळी दिसते. हिरवट आणि दमट वाटला तर थांबा.

ताज्या कोनमध्ये तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, म्हणून लगेच वाळवायला हवेत. जाळीवर एका थरात पसरा, पंखा लावा, उन्हात ठेवू नका. यंत्राने वाळवत असाल तर तापमान ६० अंशांच्या खालीच ठेवा.

किती वाळवायचं हे वजनावरून ठरवा. मी ५० ग्रॅम ताज्या कोनचा नमुना वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवला. ११ ग्रॅम उरले, म्हणजे कोरडा भाग २२ टक्के. माझं एकूण पीक ४१० ग्रॅम. त्याचे २२ टक्के म्हणजे सुमारे ९० ग्रॅम. साठवताना ८ टक्के ओलावा चालतो, म्हणून ९० भागिले ०.९२, म्हणजे ९८ ग्रॅम. वजन तिथे आलं की वाळवण थांबवायचं, हवाबंद पिशवीत भरून फ्रीझरमध्ये.

हो, दोन वेल मिळून ९८ ग्रॅम! पहिल्या वर्षी वेल मुळं करण्यात गुंतलेला असतो. तिसऱ्या वर्षी पूर्ण ताकदीच्या एका वेलाकडून अर्धा किलो किंवा त्याहून जास्त वाळलेले कोन मिळू शकतात. माझे कोन ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने बिअरसाठी नेले. इथे प्रौढांना घरापुरती बिअर करायची परवानगी आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती करता येत नाही, हे लक्षात ठेवा.

हे विसरू नका

- घरात कुत्रा असेल तर कोन त्याच्या तोंडी लागू देऊ नका. ताजे, वाळलेले, बिअर करून उरलेला चोथा, काहीही. कुत्र्याच्या अंगाचं तापमान धोकादायक वाढतं आणि जीवही जाऊ शकतो. खाल्ल्याचा संशय आला तरी लगेच पशुवैद्याकडे न्या.
- वेलाच्या केसांनी हातांवर ओरखडे येतात, पुरळ उठतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला.
- वेल वाळला की जमिनीपासून थोडा वर कापा आणि वर आच्छादन घाला. राइझोम उपटू नका, तो पुढच्या वसंतात परत फुटेल.

मग महाराष्ट्रात अजिबात होणार नाही का?

होऊ शकतं, पण दिव्यांवर. हॉप्सला फुलायला थंडीची विश्रांती लागतेच असं बरीच वर्षं मानलं जायचं. २०१९ मध्ये कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधनाने दाखवलं की दिवसाची लांबी नीट सांभाळली तर त्या थंडीशिवायही फुलं येतात. ब्राझीलमध्ये काही शेतकरी शेतात दिवे लावून दिवस लांबवतात आणि हॉप्स पिकवतात. म्हणजे रस्ता आहे, पण त्यात वीज, उंच मांडव, वाळवणी आणि माल घेणारा पक्का ग्राहक, या सगळ्याचा खर्च धरा. हौस म्हणून एक कुंडी, टायमर आणि एलईडी दिवा लावून प्रयोग करायला मजा येईल. दहा गुंठ्यांवर अडीच लाख लावणं वेगळं.

आणि कुणी परदेशातून येताना बॅगेत राइझोम आणू नका. भारतात असं लागवडीचं साहित्य आणायला आधी आयात परवाना आणि निघण्याच्या देशातलं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

कुणी हॉप्सची रोपं विकायला आलं तर तीन प्रश्न विचारा. जात कोणती, आणि हे बियांचं रोप आहे की राइझोमचं? साहित्य परदेशातून आलं असेल तर आयातीची कागदपत्रं कुठे आहेत? आणि माझा माल कोण, कोणत्या भावाने घेणार, लेखी देणार का?

मामांनी सप्टेंबरमध्ये त्या विक्रेत्याला हेच विचारलं. पहिल्या प्रश्नाला तो म्हणाला, "इंपोर्टेड." दुसऱ्याला, "कागद नंतर पाठवतो." तिसऱ्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. पंचवीस हजार गेले ते गेलेच, सव्वादोन लाख वाचले. त्या दहा गुंठ्यांत मामांनी टोमॅटो लावलाय.

माझे वेल या मार्चमध्ये परत फुटले. मामा अजूनही रोज फोटो मागतात आणि खाली एकच मेसेज असतो: "बोट घातलंस का?"

तुमच्या घरात किंवा गावात हा फॉरवर्ड फिरत असेल तर त्याखाली हा लेख पाठवा. आणि २१ जूनचा तुमच्या गावचा दिवस किती तासांचा, तेवढं मात्र आजच तपासा.